मुळाशी न जाणारी सामग्गी : दीघावुकथेचे एक पुनर्वाचन

दीघावुकुमाराची कथा आपल्या विहारांतून वारंवार सांगितली जाते. वर्षावासातील प्रवचनांत, बुद्धजयंतीच्या विशेषांकांत आणि मुलांसाठी काढलेल्या लहानसहान पुस्तिकांत तिला हटकून जागा मिळते. आईबापांचा वध करविणाऱ्या राजाचे मस्तक मांडीवर असता कुमार तीन वेळा तलवार उपसतो, पित्याचे शब्द आठवून तीन वेळा ती म्यान करतो, आणि सूड टळतो. बहुतेक निवेदने येथे थांबतात. श्रोत्यांचे डोळे पाणावलेले असतात, वक्त्यालाही पुढे जाण्याची गरज वाटत नाही. आमचा आक्षेप या कथेला नाही. ती ज्या ठिकाणी तोडली जाते त्या ठिकाणाला आहे. कथेच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग गाळल्यामुळे क्षमेविषयीचे एक गोड वचन तेवढे हाती उरते, आणि मूळ ग्रंथाने हाती घेतलेला प्रश्न निसटून जातो. हा प्रश्न असा : ज्याने एकदा घात केला, त्याच्यावर पुन्हा विश्वास कसा ठेवावा, आणि तो ठेवण्यापूर्वी काय काय घडले पाहिजे?

ही कथा जातकट्ठकथेत ३७१ क्रमांकाच्या जातकात थोडक्यात येते. तिचे सविस्तर रूप मात्र विनयपिटकात, महावग्गाच्या दहाव्या म्हणजे शेवटच्या खन्धकात आहे. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली १९५६ साली नालंदा येथून महावग्गाची देवनागरी आवृत्ती निघाल्यापासून मराठी वाचकाला हा पाठ लिपीच्या दृष्टीने परका राहिलेला नाही. तरीही कथा सांगणारे विनयाकडे वळत नाहीत. विनय म्हणजे भिक्खूंच्या नियमांची रुक्ष जंत्री, असा एक समज रूढ आहे. आमच्या मते विश्वासघातानंतरच्या माणसाचा सर्वांत बारकाईने केलेला विचार पालि वाङ्मयात कोठे असेल तर तो सुत्तपिटकापेक्षा या तथाकथित जंत्रीतच आहे.

कोसंबीचा कलह कशावरून पेटला हे विनयाचा मूलपाठ त्रोटकपणे सांगतो : एका भिक्खूकडून एक आपत्ती घडली, प्रथम त्याला ती आपत्ती वाटत होती व इतरांना नव्हती, पुढे नेमके उलट झाले. तपशील अट्ठकथेने भरला आहे. धम्मकथिक भिक्खूने शौचकूपात वापरून उरलेले पाणी भांड्यात तसेच ठेवले. विनयधराने ते पाहून ही आपत्ती असल्याचे सांगितले. धम्मकथिक लगेच देसना करावयास तयार झाला. तेव्हा विनयधर म्हणाला की हेतुपुरस्सर केले नसेल तर आपत्ती नाही. प्रकरण मिटले असे समजून धम्मकथिक निघून गेला. विनयधराने मात्र आपल्या शिष्यांना सांगितले की या गृहस्थाला आपली आपत्तीही कळत नाही.

पाण्याच्या एका भांड्यावरून संघ फुटला, असे म्हणून या प्रसंगाला हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अट्ठकथाकाराचा रोख आम्हाला निराळा वाटतो. भांडण पाण्याचे नाही. समोर एक बोलणे आणि पाठीमागे दुसरे, हे त्याचे मूळ आहे. एका भिक्खूने दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून कबुली देण्याचे थांबवले, आणि तोच शब्द त्याच्याविरुद्ध वापरला गेला. पुढे उक्खेपनीयकम्म झाले, म्हणजे संघाने त्याला बाहेर ठेवले; दोन तट पडले; हातघाईपर्यंत मजल गेली. विश्वास मोडण्याला राज्ये गमवावी लागत नाहीत, हे दीघावुकथेच्या प्रारंभीच ग्रंथाने नोंदवून ठेवले आहे.

आता कथेकडे वळू. कासीचा बलाढ्य राजा ब्रह्मदत्त कोसलच्या दुबळ्या दीघीतीवर चाल करून येतो. दीघीती राणीसह पळून वाराणसीतच एका कुंभाराच्या घरी परिव्राजकाच्या वेषात राहतो. तेथे त्याला एक मित्र भेटतो आणि एक घातकी. मित्र म्हणजे ब्रह्मदत्ताचाच पुरोहित, जो गर्भवती राणीचे डोहाळे पुरवितो. घातकी म्हणजे दीघीतीचा स्वतःचा जुना न्हावी, जो आता ब्रह्मदत्ताच्या पदरी आहे. तो धन्याला ओळखतो आणि राजाला सांगतो. शत्रूच्या घरी विश्वास आणि आपल्या माणसाकडून घात, ही मांडणी योगायोगाची नाही. (न्हाव्याच्या व्यवसायाला येथे अकारण डाग लागतो असे कोणास वाटेल. त्याच विनयपिटकात शाक्यांचा न्हावी उपाली सहा राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित होतो आणि विनयधरांमध्ये अग्रस्थानी बसतो, हे अशा वाचकाने आठवावे.)

दीघीती आणि राणी यांची धिंड काढून दक्षिण दरवाजाबाहेर त्यांचा वध होतो. मरणाच्या वाटेवर पिता पुत्राला तीन गोष्टी सांगतो. त्यांचा अर्थ कुमार कथेच्या अखेरीस उलगडून दाखवितो : वैर दीर्घकाळ जपू नये, मित्रांशी उतावीळपणे फारकत घेऊ नये, आणि वैराचा प्रतिकार वैराने करू गेल्यास त्याला अंत राहत नाही. कुमार पहारेकऱ्यांना मद्य पाजून मातापित्यांना अग्नी देतो, अरण्यात जाऊन मनसोक्त रडतो, आणि मग राजवाड्याजवळच्या हत्तिशाळेत शिकाऊ म्हणून राहतो. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी तो वीणेवर गातो. राजा ऐकतो, त्याला बोलावून घेतो, आपला सेवक करतो. लवकरच त्याला 'विस्सासिकट्ठान' मिळते. हा शब्द मूलपाठातला आहे : आतल्या गोटातील विश्वासाची जागा.

येथे आपले निवेदक एक गोष्ट नजरेआड करतात. या क्षणापासून घात करणारा ब्रह्मदत्त राहिलेला नाही. घात करणारा दीघावु आहे. नाव लपवून त्याने विश्वास मिळविला आहे. मृगयेच्या दिवशी तो रथ मुद्दाम अशा रीतीने हाकतो की सैन्य एका दिशेला जाते व रथ दुसऱ्या. दमलेला राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपतो. त्या अरण्यात एक निरपराध व एक अपराधी असे दोघे नाहीत. एकमेकांचे देणे असलेले दोन घातकी आहेत.

तीन वेळा तलवार उपसली जाते, तीन वेळा म्यान होते. इतक्यात राजा दचकून उठतो. दीघीतीचा पुत्र तलवार घेऊन अंगावर आला असे स्वप्न त्याला पडलेले असते. आणि मग? मग दीघावु डाव्या हाताने राजाचे मस्तक धरतो, उजव्या हाताने तलवार उपसतो आणि आपले नाव सांगतो. ही चौथी वेळ. आम्ही ऐकलेल्या प्रवचनांपैकी क्वचितच एखाद्यात ही चौथी तलवार आली असेल. वक्त्यांना ती अडचणीची वाटत असावी. ज्याने तीनदा क्षमा केली त्याने पुन्हा शस्त्र का उचलावे?

आमच्या मते कथेचा सारा भार या चौथ्या वेळेवर आहे. पहिल्या तीन वेळा राजा झोपलेला होता. तेव्हा घडली ती क्षमा. ती एकट्याच्या मनात घडू शकते, दुसऱ्याला तिची खबरही नसते. समजा, दीघावु तेथेच थांबला असता आणि राजाला सुखरूप वाड्यावर घेऊन गेला असता. तो थोर मनाचा सेवक ठरला असता, पण विस्सासिकट्ठानावर बसलेला एक खोटा माणूसच राहिला असता. रोज पहाटे राजाआधी उठणारा, रात्री राजानंतर निजणारा, आणि नाव लपविणारा. क्षमा झाली होती. विश्वासाचा आरंभही झाला नव्हता. तो आरंभ व्हावयाचा तर नाव उच्चारणे भाग होते, आणि ते नाव उच्चारताच राजाच्या हाती दीघावुचे मरण येणार होते. तलवार त्यासाठी आहे.

राजा पायांवर डोके ठेवून जीवदान मागतो. दीघावुचे उत्तर असे की मी तुम्हाला जीवदान देणारा कोण, तुम्हीच मला दिले पाहिजे. दोघेही एकमेकांना जीवदान देतात, हात हातात घेतात आणि शपथ घेतात. या शपथेसाठी पाठात जो शब्द योजिला आहे तो स्नेहाचा नाही, मैत्रीचाही नाही. तो 'अद्दूभ' आहे, म्हणजे अद्रोह. यापुढे एकमेकांवर प्रेम करू असे कोणी म्हणत नाही. एकमेकांचा द्रोह करणार नाही, इतकेच. घातानंतर माणसे प्रामाणिकपणे जेवढे कबूल करू शकतात तेवढेच ग्रंथ त्यांच्याकडून वदवून घेतो.

अरण्यातील शपथही पुरेशी मानलेली नाही. वाराणसीला परतल्यावर राजा अमात्यांना जमवून विचारतो की दीघावु दिसला तर काय कराल. कोणी हात तोडू म्हणतो, कोणी पाय, कोणी नाककान, कोणी मस्तक. राजा सर्वांसमक्ष सांगतो की हाच तो, आणि याला कोणी काही करावयाचे नाही. म्हणजे खासगी शपथ सार्वजनिक झाली. तिला साक्षी मिळाले. त्यानंतर दीघीतीचे सैन्य, वाहने, जनपद, कोश आणि कोठारे ही सर्व राजा परत करतो. शेवटी तो आपली कन्या देतो. हा क्रम पाहण्यासारखा आहे : नाव सांगणे, शपथ, साक्षी, लुटलेले परत करणे, आणि सर्वांत शेवटी नाते. आपल्याकडच्या निवेदनांत नाते प्रथम येते आणि परत करण्याची गोष्ट येतच नाही.

घात करणाऱ्याची झोप हा एक वेगळा विषय होईल. ब्रह्मदत्त अग्नी दिलेली चिता प्रासादावरून पाहतो तेव्हाच धास्तावतो, अरण्यात दचकून उठतो. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात अजातसत्तू कौमुदीच्या पौर्णिमेला जीवकाच्या आम्रवनात शिरताच थरथरू लागतो. साडेबाराशे भिक्खू बसले असता शिंकेचा वा खोकल्याचाही आवाज कसा नाही, तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे तो जीवकाला विचारतो. ज्याने पित्याचा विश्वास मोडला त्याला शांततेतही दगा दिसतो. सुत्ताच्या अखेरीस तो अपराध कबूल करतो, भगवान ती कबुली स्वीकारतात. पण तो गेल्यावर भिक्खूंना सांगतात की पित्याचा वध केला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभला असता. कबुली स्वीकारली गेली याचा अर्थ नुकसान भरून आले असा होत नाही.

पुन्हा कोसंबीला येऊ. दीघावुची कथा भगवंतांनी भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितली. परिणाम काय झाला? काहीही नाही. भगवंतांनी निवांत राहावे, या भांडणाचे आम्ही पाहून घेऊ, असे उत्तर मिळाले. तथागत कोसंबी सोडून गेले आणि पारिलेय्यक येथे एकटे राहिले. आपल्या विहारांत जी कथा हमखास परिणामकारक समजली जाते, ती प्रत्यक्ष बुद्धमुखातून ऐकणाऱ्यांवर निष्फळ ठरली, असे ग्रंथच सांगतो. विनयाच्या संकलकांनी हे अपयश झाकले नाही, याबद्दल आम्हाला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

जे कथेने झाले नाही ते उपासकांनी केले. कोसंबीच्या उपासकांनी ठरविले की या भिक्खूंना अभिवादन करावयाचे नाही, उठून उभे राहावयाचे नाही, पिंडपात द्यावयाचा नाही. त्यांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. दिलेला विश्वास तेवढा काढून घेतला. भिक्खूंना श्रावस्तीची वाट धरावी लागली.

श्रावस्तीतील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. हे कलहकारी येत आहेत, आम्ही त्यांच्याशी कसे वागावे, असे सारिपुत्त, महापजापती गोतमी, अनाथपिंडिक आणि विशाखा हे येऊन विचारतात. भगवान सारिपुत्तांना धर्मवादी व अधर्मवादी ओळखण्याच्या अठरा खुणा सांगतात. अनाथपिंडिकाला व विशाखेला सांगतात की दान दोन्ही पक्षांना द्या, धम्म दोघांकडूनही ऐका, पण मत धर्मवाद्यांचेच स्वीकारा. निवासस्थाने वेगळी द्यावीत; अन्नवस्त्र मात्र सर्वांना सारखे वाटावे. अन्न तोडलेले नाही, बोलणे तोडलेले नाही, आणि विश्वासही आंधळेपणाने बहाल केलेला नाही.

मग तो बाहेर ठेवलेला भिक्खू स्वतः धम्म व विनय तपासून पाहतो आणि आपत्ती झाली होती हे मान्य करतो. त्याला परत घेतले जाते. त्यानंतर संघसामग्गी, म्हणजे संघाचे ऐक्य. तिला सर्वांनी उपस्थित राहावयाचे, आजाऱ्यानेही. आणि लगेच उपोसथ करावयाचा. येथे उपाली थेर एक प्रश्न विचारतात, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. मूळ वस्तूचा निर्णय न करता, मुळापर्यंत न जाता संघाने सामग्गी केली तर ती धार्मिक होय काय? उत्तर स्पष्ट आहे : ती अधार्मिक होय. भगवान सामग्गीचे दोन प्रकार सांगतात. एक 'अत्थापेता ब्यञ्जनूपेता', म्हणजे जिच्यात शब्द आहेत पण अर्थ निघून गेला आहे. दुसरी अर्थ आणि शब्द दोन्ही असलेली. मुळाशी न जाता केलेले ऐक्य पहिल्या प्रकारचे.

हा भेद वाचताना आमच्या वाचकाच्या मनात काय येईल याची आम्हाला कल्पना आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले आणि त्यांची ऐक्ये आपण पाहिली आहेत. १९९० च्या दशकात तर आपले उपासकच कोसंबीच्या उपासकांप्रमाणे उभे राहिले. लोकांच्या रेट्यापुढे नेते एकत्र आले. १९९८ च्या लोकसभेत महाराष्ट्रातून चार खासदार निवडून गेले. पुढे ते ऐक्य टिकले नाही. कोण चुकले हे ठरविणे या नियतकालिकाचे काम नव्हे. ग्रंथाच्या आधारे एवढेच विचारता येते की व्यासपीठावर हात उंचावण्यापूर्वी मूळ वस्तू कोणी कोठे तपासली होती काय. एका विहाराच्या निधीवरून झालेला तंटा आम्ही जवळून पाहिला आहे. झाले गेले विसरा, असे म्हणून हार घालून तो मिटविण्यात आला. हिशोबाची वही त्या दिवशी उघडली गेली नाही. वर्षभरात तीच माणसे दोन ठिकाणी बुद्धवंदना घेऊ लागली.

एक आक्षेप घेतला जाईल. मेत्ता तर सर्व प्राणिमात्रांविषयी, विनाअट सांगितली आहे. मग अटी कशाला? आमचे उत्तर असे की मेत्ता आणि विस्सास हे पालीत दोन वेगळे शब्द आहेत आणि विनयाने दुसऱ्याची व्याख्या काटेकोर केली आहे. दुसऱ्याची वस्तू 'विश्वासाने' न विचारता घेण्याची मुभा चीवरक्खन्धकात पाच अंगांवर आहे : तो ओळखीचा असावा, जिव्हाळ्याचा असावा, त्याने तसे बोलून ठेवलेले असावे, तो हयात असावा, आणि मी घेतल्यास तो संतुष्ट होईल हे मला ठाऊक असावे. घात झाल्यावर यांतील काय उरते ते पाहावे. ओळख उरते, माणूसही हयात असतो. बोलून ठेवलेला शब्द एका बैठकीत पुन्हा मिळविता येतो. जिव्हाळा आणि ते पाचवे अंग मात्र बैठकीत मिळत नाही. दुसऱ्याच्या मनाची ती खात्री असते आणि ती अनुभवानेच येते. तिच्याशिवाय हात घालणे ही चोरी होऊ शकते.

क्षमा मागण्याचे ओझे कोणावर, याचेही उत्तर विनयात आहे. चुल्लवग्गातील सुधम्म भिक्खूने मच्छिकासंडच्या चित्त गृहपतीला मेजवानीच्या तयारीत तिळाची पोळी तेवढी दिसत नाही असा टोमणा मारला. अट्ठकथा सांगते की चित्ताच्या वंशात पूर्वी कोणी पोळ्या विकणारा होता. टोमणा जातीवर होता. संघाने सुधम्मावर पटिसारणीयकम्म केले : जा आणि गृहपतीची क्षमा माग. सुधम्म गेला, ओशाळला, न मागताच परतला. तेव्हा संघाने सोबत एक 'अनुदूत' दिला. अनुदूताने भिक्खूच्या वतीने, मग स्वतःच्या वतीने, मग संघाच्या वतीने विनवावयाचे. एवढ्यानेही गृहपतीने क्षमा केली नाही तर? तर भिक्खूने त्याच्या दृष्टीसमोर उकिडवे बसून, हात जोडून आपत्तीची देसना करावयाची. गृहपतीने क्षमा केलीच पाहिजे असा नियम नाही. तीनदा नाही म्हणणाऱ्या चित्ताला विनय एका शब्दाने दोष देत नाही. जातीवरून दुखावलेल्यालाच मोठ्या मनाचा उपदेश ऐकविण्याची जी रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली, २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर तर विशेषच, तिला या प्रकरणात आधार सापडत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी सिंधच्या दाहिर राजाच्या सेनापतींपासून घराच्याच माणसांनी केलेल्या दगाबाजीचा पाढा वाचला आणि हा इतिहास पुन्हा घडेल काय, अशी चिंता व्यक्त केली. त्याच भाषणात त्यांनी मिल्लचा हवाला देऊन बजावले की कितीही थोर पुरुष असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये. घाताच्या भीतीवर त्यांनी सुचविलेला उपाय घटनात्मक मार्गाचा होता, थोर मनाच्या माणसांच्या शोधाचा नव्हता. भाषण तयार करताना त्यांच्यासमोर कोसम्बकक्खन्धक होता असे आम्ही म्हणत नाही. संघात ठराव मांडण्याची, मतदानाची, शलाकांची पद्धत होती हे मात्र त्यांनी त्याच भाषणात आवर्जून सांगितले आहे.

शेवटी ग्रंथातील एका मौनाकडे लक्ष वेधतो. धम्मपदट्ठकथेनुसार कोसंबीच्या भिक्खूंनी प्रथम उपासकांचीच क्षमा मागितली होती. उपासकांनी विचारले की शास्त्यांनी क्षमा केली काय. नसेल तर आधी तेथे जा. वर्षावासाचे दिवस असल्याने त्यांना निघता आले नाही आणि तो काळ त्यांनी हालअपेष्टांत काढला. पुढे श्रावस्तीत सामग्गी झाली, उपोसथ झाला. त्यानंतर हे भिक्खू कोसंबीला परतले की नाही, परतले असतील तर पहिल्या दिवशी कोणत्या दारात त्यांच्या पात्रात काय पडले, कोण उठून उभे राहिले आणि कोण बसून राहिले, याविषयी महावग्गात एक ओळही नाही.